रिकाम्या खोलीचा आवाज

१

"काय चोरीला गेलंय?" मी विचारलं.

"शांतता," ताई म्हणाल्या.

जन्मभर मी विमा कंपनीत चौकशीचं काम केलं. मालकानं स्वतःच पेटवलेली गोदामं पाहिली, कधी घडवलेच नव्हते असे दागिने हरवलेले पाहिले, आणि स्वतःच्या मरणाचा दावा दाखल करून शेजारच्या गल्लीत सुखानं राहणारा एक गृहस्थही पाहिला. ऑफिसात मला शंकासुर म्हणत. पण शांतता चोरीला गेल्याची तक्रार माझ्याकडे कधी आली नव्हती. निवृत्त झालो, मग बायको गेली, आणि शंका विचारायला घरात माणूसच उरलं नाही. आता मी ताईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. माझ्याकडे शांतता इतकी पडून आहे की कुणी मागितली तर पिशवी भरून देईन, असं मी त्यांना म्हणालो. त्या हसल्या नाहीत, तेव्हा मी खुर्चीत नीट सावरून बसलो.

खालच्या पुढच्या दोन खोल्यांत ताईंचा छोटासा स्टुडिओ आहे आणि मागे घर. शाळांची गाणी, दुकानांच्या जाहिराती, आणि वाढदिवसाला आपल्याच आवाजातलं गाणं भेट द्यायची हौस असलेली माणसं, यांवर तो चालतो. ताईंचे यजमान, ज्यांना सगळे दादा म्हणत, ते गायचे आणि मिक्सिंगही तेच करायचे. मिक्सिंग म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकमेकांत असे बसवायचे की कुणी कुणाच्या पायावर पाय देऊ नये. दादा गेल्या वर्षी फुप्फुसाच्या आजारानं गेले. तेव्हापासून हे काम ताई बाहेर देत होत्या. इंटरनेटवरच्या एका सामाईक फोल्डरात यांनी आवाज टाकायचे, दूर कुठल्याशा शहरात बसलेल्या एका माणसानं ते घ्यायचे आणि बसवून परत ठेवायचे. त्याचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. बोलतानाही तो कॅमेरा बंद ठेवी. घरात त्याला सगळे 'पलीकडचा' म्हणत.

आता त्याच्याकडे होतं दादांचं शेवटचं गाणं. आजारपणात डॉक्टरांनी दादांचं गाणं बंद केलं होतं. ताईंनी माइक कपाटात घातला आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. पण दादा गेल्यावर त्यांच्या टेबलाच्या खणात हातात मावेल असा एक रेकॉर्डर निघाला, आणि त्यात गाणं होतं. धाप लागत होती म्हणून तुकड्यातुकड्यांनी गायलेलं. तुकडे जोडायचे तर मधल्या फटींत त्या खोलीचा रिकामा आवाज भरावा लागतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि तीच नसेल तर जोड कानाला ठेच लागल्यासारखे लागतात. पलीकडच्यानं तसा आवाज आहे का विचारलं, तेव्हा ताईंना रेकॉर्डरमध्ये शेवटी काहीच नसलेली एक फाइल सापडली. ती त्यांनी पुरती न ऐकताच कार्डावरून थेट फोल्डरात टाकली. तुकडे त्यांनी कॉम्प्युटरवर जपून ठेवले होते, पण रिकामी फाइल कोण जपून ठेवतं?

"हे गाणं मला अखंड ऐकायचंय," ताई म्हणाल्या. "तो माझ्यामागे एकटाच गायला. त्या खोलीत, एकटाच, धापा टाकत. गायला याचा राग नाही मला. पण कुणी जवळ नव्हतं त्याच्या. रोज माझं मन तिथंच अडकतं. निदान ते तुकडे तरी जोडले जाऊ देत."

मी विचारलं, ती फाइल फोल्डरातून नाहीशी झाली का. तर नाही. फाइल जागेवर होती. नाव तेच, लांबीही जवळजवळ तीच. फक्त आतला आवाज निराळा होता, असं पलीकडच्याचं म्हणणं. रेकॉर्डर तपासायला गेल्या, तर त्यातलं कार्ड कुणीतरी काढून घेतलं होतं.

म्हणजे कुणीतरी एक शांतता नेली होती आणि तिच्या जागी दुसरी शांतता ठेवली होती.

२

पलीकडच्याला मी वरूनच फोन केला. आवाज मऊ, बोलणं सावकाश, आणि वाक्यावाक्यात मोठ्या फटी. फारसं कुणाशी न बोलणाऱ्या माणसाचं बोलणं असं होतं, माझंही होत चाललंय.

त्याला वाटलं, आता काम जाणार. धाकटे साहेब, म्हणजे ताईंचे दीर, आधीच त्याच्या विरुद्ध होते. यानंच फाइल घालवली आणि आता चोराच्या उलट्या बोंबा चालल्यात, असं ते ताईंना सांगून बसले होते. मी त्याला म्हटलं, "मी तुमच्या बाजूचा नाही आणि त्यांच्याही नाही. जे ऐकलंत ते सांगा."

त्याची एक सवय होती. नवीन काम आलं की पहिल्या दिवशी तो नुसतं ऐकायचा, काही उतरवून घ्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी उतरवून कामाला लागायचा. त्या एका दिवसाच्या आत फाइल बदलली होती. आमच्या स्वस्तातल्या फोल्डरात जुनी फाइल राखून ठेवायची सोय नव्हती.

"बदलली हे कशावरून? रिकामं ते रिकामं," मी म्हणालो.

"तसं नसतं, काका. ही नवीन फाइल त्याच खोलीतली आहे. खिडकीतून येणारी दूरची घरघर तीच आहे. पण आता खोली जास्त घुमते. काहीतरी मोठं सामान तिथून गेलंय. कपाट, गाद्या, कपडे, असं काहीतरी."

मी उठून उगीचच माझ्या खोलीकडे पाहिलं. बायकोच्या साड्या देऊन टाकल्यानंतर माझा खोकलाही मला मोठा वाटायला लागला होता, आणि मी समजत होतो की वय झालं.

"आणखी एक," तो म्हणाला. "पहिली फाइल रिकामी नव्हतीच. तिच्यात श्वास होते. खूप हळू, पण मी हेडफोन लावून आवाज पुष्कळ वाढवून ऐकतो. एक धापेचा, तो दादांचा. गाण्याच्या तुकड्यांत तोच आहे. आणि दुसरा एक, शांत. मी त्याच दिवशी स्टुडिओच्या फोनवर मेसेज टाकला होता, की यात दोन माणसांचे श्वास आहेत, एक काढून टाकायचा का. उत्तर आलं नाही."

मी खाली जाऊन ताईंना विचारलं. असा कुठलाही मेसेज त्यांनी पाहिला नव्हता. स्टुडिओचा फोन पुढच्या टेबलावर सगळ्यांच्या हाताशी पडलेला असतो. तो आम्ही चाळून पाहिला. पलीकडच्याचे आधीचे मेसेज होते, नंतरचे होते. हा एकच नव्हता.

ताई खुर्चीत बसून राहिल्या. एक तर हा न पाहिलेला माणूस खोटं बोलत होता, नाहीतर दादा त्या खोलीत एकटे नव्हते आणि ते कुणालातरी कळू द्यायचं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, जरा धीर धरा, आणि घरातल्या माणसांकडे वळलो.

३

धाकटा आधी भेटला. स्टुडिओची गाणी विकायचं काम त्याच्याकडे. चार शब्दांचं काम असेल तिथे चाळीस बोलणारा, हात सतत हलते. घरचा आवाज परक्याच्या हातात द्यायचाच कशाला, आपला मित्र गावातच मिक्सिंग करतो, समोर बसून करून देतो, हा त्याचा घोशा. ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा, असं त्यानं मला तीन तऱ्हांनी विचारलं. पलीकडच्याला हाकलायचं कारण त्याच्याइतकं कुणाकडे नव्हतं.

मी दादांच्या कामाच्या पद्धतीबद्दल विचारलं, तसा तो हसला. म्हणाला, "दादा आणि शिस्त? गाणं झालं की तो चहा मागायचा. रिकामी खोली रेकॉर्ड करायला दुसऱ्या कुणीतरी त्याचा हात धरून बसवावं लागायचं. मी धरायचो, पूर्वी."

"पूर्वी म्हणजे?"

त्याचे हात थांबले. दोघा भावांचं स्टुडिओच्या कारभारावरून वाजलं होतं आणि शेवटचे काही महिने धाकटा त्या खोलीत पाऊल टाकायला गेला नव्हता. भांडण मिटवायला उद्या जाऊ, परवा जाऊ, असं म्हणता म्हणता माणूस गेला. मी पलीकडच्यानं सांगितलेलं त्याच्यापुढे सरळ ठेवलं. त्या फाइलमध्ये दुसरा एक श्वास आहे. तो तुमचा का?

त्यानं खिसे चाचपले. मग म्हणाला, "माझा असता तर मी लपवला असता होय? गावभर ऐकवला असता." आणि रुमाल न सापडल्यामुळे त्यानं बाहीनंच डोळे पुसले.

खोटे अश्रू मी पुष्कळ पाहिलेत. त्या माणसांना रुमाल बरोबर सापडतो.

दुसरी होती कोकिळा. हे नाव दादांच्या आईंनी ठेवलेलं, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे त्यांनाच ठाऊक. दादांबरोबर ती जोडगाणी गायची. तिनं आडपडदा ठेवला नाही. हे शेवटचं गाणं आपण नव्यानं गावं, असं तिला वाटत होतं. तुकडे जोडून केलेलं गाणं म्हणजे ठिगळं लावलेली चादर, दादांची आठवण अशी लोकांपुढे न्यावी का, असं ती म्हणाली. दादांनी तिला घडवलं होतं आणि ते गेल्यापासून तिला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, हे ती म्हणाली नाही, पण दिसत होतं.

"त्या मागच्या खोलीत मी पूर्वी रियाज करायचे," उठता उठता ती म्हणाली. "आता करवत नाही. परवा ताईंनी दादांचं कपाट आणि गाद्या देऊन टाकल्या, तेव्हापासून नुसती घुमते ती खोली."

परवा. म्हणजे आताची शांतता परवानंतर, याच घरात, त्याच खोलीत कुणीतरी बसून रेकॉर्ड केली होती. पलीकडचा खरं बोलत होता. आम्ही इतक्या लांबच्या माणसावर संशय घेत बसलो होतो आणि काखेत कळसा होता.

४

दादांची आई, माई, पुढच्या टेबलाशी बसायच्या. चष्मा लावून स्टुडिओची पत्रं आणि फोल्डरातल्या फाइली पाहायच्या, येणाऱ्यांना बसवायच्या, फोन घ्यायच्या. तरुणपणी त्या रेडिओवर नोकरीला होत्या. त्यांचं अखंड बोलणं ऐकून मला वाटायचं, निवेदिका असतील. मी जिना उतरताना दिसलो की त्या आत हाक द्यायच्या, "वरचे आले गं, चहा टाक." वरच्याची कृपा या घरावर चहापुरतीच आहे, असं मी म्हणायचो. तो विनोद आम्ही दोघंही झिजेपर्यंत वापरला होता.

त्या दिवशी विनोद झाला नाही. त्यांनी मला चहा दिला, स्वतःचा कप घडी घातलेल्या रुमालावर ठेवला आणि चमचा न वाजवता साखर ढवळली. मी चोरीबद्दल विचारलं. त्यांना कशातलं काही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "रिकामं ते रिकामं, त्यात काय एवढं? आहे ती फाइल वापरा म्हणावं त्याला आणि संपवा. पोरीचा जीव अडकलाय त्या गाण्यात."

मी खोली पाहायला मागितली. मागची खोली लहान, एका भिंतीवर कपाटाचा फिकट चौकोन उमटलेला. खिडकीपाशी टेबल, ज्याच्या खणात रेकॉर्डर मिळाला. समोरच्या भिंतीला लोखंडी खाट, एवढंच उरलं होतं. मी खाटेवर टेकलो तर ती अशी कुरकुरली की माई बाहेरून म्हणाल्या, "मोडू नका हो." उठलो, तरी कुरकुरली.

मी वर गेलो आणि पलीकडच्याला फोन लावला. गाण्याच्या तुकड्यांच्या सुरुवाती त्यानं कापल्या होत्या का? नाही, एकही नाही, आले तसेच ठेवलेत. दादांच्या तोंडापासून रेकॉर्डर किती लांब होता? खोलीच्या दुसऱ्या बाजूला, तो म्हणाला, टेबलावर असावा, कारण लाकडाची बारीक थरथर आवाजात मिसळलीय.

मग मी ते तुकडे त्याच्याकडून मागवून, कानाला हेडफोन लावून, एकेक ऐकले. प्रत्येक तुकडा दादांनी छातीत ओढलेल्या श्वासानं सुरू होत होता. त्याआधी काही नाही. बटण दाबून खोली ओलांडणारी पावलं नाहीत. त्या नतद्रष्ट खाटेची कुरकुर नाही.

दादा खाटेवर बसले होते. बटण दुसऱ्याच कुणीतरी दाबत होतं. आणि ते कोण, हे मला आता कळलं होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं असं मला चौकशीच्या आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं, त्यातली ही एक वेळ.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई बाहेर गेल्यावर मी माईंच्या समोर बसलो. चहा नको म्हणालो. त्यावरूनच त्या समजल्या असाव्यात, कारण त्यांनी चष्मा काढून ठेवला.

मी म्हटलं, मला एका गोष्टीनं छळलं. चोराला गाणं बिघडवायचं असतं तर त्यानं फाइल पुसली असती आणि मोकळा झाला असता. कोकिळेनं तसंच केलं असतं. धाकट्याला पलीकडच्याला बदनाम करायचं असतं तर त्यानंही तेच केलं असतं. पण या चोरानं चोरी करून वर भरपाई ठेवली. गाणं पुरं व्हायला हवं, जोड नीट बसायला हवेत, म्हणून त्याच खोलीत बसून दुसरी शांतता भरून दिली. म्हणजे चोराला गाणं हवं होतं. फक्त ती एक शांतता कुणी ऐकायला नको होती.

माई खिडकीकडे पाहत होत्या.

मग पद्धत. आजकालच्या माणसाला फाइल नको असेल तर तो ती काढून टाकतो. जुनी जागा, जुनं नाव तसंच ठेवून तिच्यावर दुसरं रेकॉर्ड करायचं, हे त्याला सुचतच नाही. ते सुचतं टेपवर काम केलेल्या माणसाला. गाणं झाल्यावर हलू न देता खोलीचा आवाज घ्यायचा, ही शिस्त दादांची नव्हती. ज्याची होती, त्याला बोलणाऱ्यासमोर कपही वाजू न द्यायची सवय असणार.

"माई, रेडिओवर तुम्ही बोलायच्या नाहीत ना?"

"काचेच्या अलीकडे बसायचे," त्या म्हणाल्या. "टेपा लावायचे. बोलणारे पलीकडे. इतकी वर्षं तोंड मिटून काढली, म्हणून आता बोलते." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "टेप महाग होती. पुसून टाकायची नसते, वर रेकॉर्ड करायचं असतं."

नंतरचं त्यांनी सावकाश सांगितलं. एका दुपारी ताई पुढे कामात होत्या. दादांनी आईला जवळ बोलावलं. माइक कपाटात होता, किल्ली बायकोकडे होती, डॉक्टर नाही म्हणाले होते.

"त्यानं मला विचारलं, आई, गाऊ का? लहानपणी खेळायला जाऊ का म्हणून विचारायचा, तसंच. त्याला ठाऊक होतं, मी नाही म्हणत नाही. मी स्टुडिओतला रेकॉर्डर पदराखालून नेला आणि बटण दाबलं."

काही दिवस असे गेले. रोज एक तुकडा. शेवटचा झाल्यावर त्या सवयीनं म्हणाल्या, हलू नकोस, खोली घेऊया. आणि मायलेक दोघं आपापल्या जागी काही न बोलता बसून राहिले. त्यानंतर दादा फार दिवस राहिले नाहीत.

पलीकडच्याचा मेसेज आधी त्यांनी वाचला. दोन श्वास. ताई तो ऐकणार, ओळखणार. माईंनी मेसेज काढला, कार्ड काढलं, दुसऱ्या कार्डावर नवी शांतता घेऊन फोल्डरात भरली. त्यांना वाटलं, खोली तीच, मीही तीच, कोणाला कळणार? कपाट गेल्यानं शांतता बदलते, हे इतकी वर्षं काचेमागे काढलेल्या बाईंच्या लक्षात आलं नाही, कारण त्या बसल्या तेव्हा त्यांना कपाट नव्हे, मुलगाच नसल्याचं ऐकू येत होतं.

"ती म्हणेल, तुम्हीच मारलंत त्याला," माई म्हणाल्या. "आणि म्हणाली तर मी काय सांगू? खोटंय म्हणून सांगू? धाकटा न्यायला तयार आहे मला. जायला जागा आहे हो. पण सकाळी उठून माझ्याशी भांडायला तीच लागते."

मी विचारलं, कार्ड फेकलंत का. त्यांनी चष्म्याची डबी उघडली. आतल्या मखमली कापडाखाली नखाएवढं कार्ड होतं. ते त्या रोज दुपारी रेकॉर्डरला लावून ऐकायच्या आणि परत डबीत ठेवायच्या. मुलाचा श्वास त्यांच्याच्यानं पुसवला नव्हता.

विमा कंपनीत असतो तर मी अहवाल लिहून निघून गेलो असतो. इथं अहवाल द्यायचा माझा धीर होईना. मी एवढंच म्हटलं, "ताईंचा राग गाण्यावर नाही, माई. तो एकटा होता, यानं त्या झुरतायत. हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ठाऊक नव्हतं. एका घरात, एका टेबलावर जेवणाऱ्या त्या दोघींनी हे कधी एकमेकींना सांगितलंच नव्हतं.

६

त्या संध्याकाळी माईंनी मला जाऊ दिलं नाही, म्हणून मी तिथं होतो. त्यांनी कार्ड ताईंपुढे टेबलावर ठेवलं आणि जे मला सांगितलं होतं ते सगळं, आडवळण न घेता, सांगितलं. त्यांचं इतकं थोडक्यात बोलणं मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं.

ताई भडकल्या. भडकणार नाहीत असं मला वाटत होतं, ते चुकलं. त्या म्हणाल्या, मी किल्ली कमरेला लावून पहारेकऱ्यासारखी फिरत होते, त्याच्या तोंडचं गाणं काढून घेतलं म्हणून त्याच्या नजरेतून उतरले, आणि तुम्ही मागच्या दारानं त्याला गाऊ दिलंत. वाईटपणा सगळा माझ्या वाट्याला, आणि गाणं तुमच्या. माई मान खाली घालून ऐकत राहिल्या. एकदाही "पण" म्हणाल्या नाहीत. मग ताई कार्ड आणि हेडफोन उचलून मागच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

आम्ही दोघं बाहेर बसलो. आतून खाट कुरकुरल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. माईंनी रुमालाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. मला माझ्या वरच्या खोल्या आठवल्या. माझ्या बायकोच्या श्वासाचं कुणी काही रेकॉर्ड करून ठेवलेलं नाही. असतं तर मीही चष्म्याच्या डबीत लपवलं असतं, आणि शोधायला आलेल्या शंकासुराला दारातून परत पाठवलं असतं.

दार उघडलं तेव्हा ताईंचे डोळे सुजले होते. त्या येऊन माईंच्या शेजारी बसल्या, समोर नव्हे.

"तो हसला त्यात," त्या म्हणाल्या. "मध्येच, अगदी हळू. तुम्ही काय केलंत तेव्हा?"

"जीभ काढून दाखवली," माई म्हणाल्या. "बोलता येत नव्हतं ना. रेकॉर्डिंग चालू होतं."

ताईंनी तोंडावर हात धरला. हसल्या की रडल्या ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मग त्यांनी फाइल फोल्डरात टाकली आणि पलीकडच्याला फोन लावून तो टेबलावर मोठ्यानं बोलेल असा ठेवला. बिचारा घाबरत घाबरत बोलला. त्यानं आधी पुन्हा सांगितलं की त्यानं काही घालवलं नव्हतं. ताईंनी त्याची माफी मागितली, आणि पुढची कामंही तुमच्याकडेच येतील असं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा त्याच्या मागची खोली ऐकली. तिच्यात एक पंखा होता आणि दुसरं कुणी नव्हतं.

"मिळाली फाइल," तो म्हणाला. "हीच ती. आता जोड कळणार नाहीत, बघा. फक्त तो दुसरा श्वास राहतोय. चुकून कुणी खोलीत राहिलं असेल. वेळ लागेल, पण मी तो वेचून काढून टाकू शकतो. काढू का?"

माईंनी श्वास रोखून धरला. काचेमागे बसायच्या तेव्हा धरत असतील तसा.

"नको," ताई म्हणाल्या. "चुकून नाही राहिलं कुणी. त्याची आई आहे ती. दोन्ही राहू द्या."

पलीकडून काही वेळ नुसता पंखा ऐकू आला.

"बरं," तो म्हणाला. "मग तो जरा वाढवतो."